राखेच्या गाण्याची चाल

मैनाबाई: तुही माय नंदिनी ज्या साली झाली, त्या सालचं गाणं हाये ते. कोराडीच्या पावर हाउसच्या क्वार्टरले तवा प्लास्टर नव्हतं. पोरीचं नाव ठेवाचं बाकी होतं, अन् तुह्या आज्यानं तिच्यावर गाणं करून टाकलं. इतकं मी धा वेळा सांगीन. तू म्हणशीन तसं कॅमेऱ्यात पाहून सांगीन. पण पुढचं नाई सांगत.

प्रज्वल: पुढचं एकच वाक्य हाये, आजी. ‘चाल धोंडबाची स्वतःची, कोणाकडून घेतलेली नाही.’ संपलं. ते टीव्हीवाले येऊनच राहिले आता.

मैनाबाई: येऊ दे. चहा ठेवते.

रोशन: अद्रक जास्त टाका, आजी. अन् वाक्य पण टाकून द्या ना लगे हात. पोट्ट्याचं काम होऊन जाईन.

मैनाबाई: तू ड्रम वाजव, बेटा. घरच्या गोष्टीत मधात नको पडू.

रोशन: ड्रम कुठं वाजवू? मी ड्रम उतरवताना पाहूनच तुमच्या शेजारच्या सिंधूताईनं खिडकी लावून घेतली.

प्रज्वल: रोशन, चूप बैस दोन मिनिटं. आजी, तुले कॅमेऱ्याची लाज वाटते का?

मैनाबाई: लाज कायची? आज्याच्या गायन पार्टीत कोरस कोणं केला? पोरगी पाठीशी बांधून मी वस्त्या-वस्त्यांनी गायली. तुह्या कॅमेऱ्याले मी भेईन?

प्रज्वल: मंग काहून नाई म्हणून राहिली?

मैनाबाई: कारण चाल त्याची नव्हती.

प्रज्वल: काय?

मैनाबाई: शब्द त्याचे. एकूण एक त्याचे. चाल परेरा सायबाच्या रेकॉर्डची.

रोशन: अरे बाप.

प्रज्वल: कोण परेरा?

मैनाबाई: कॉलनीतले मोठे इंजिनिअर. गोव्याकडचे होते. एकटाच माणूस, मी त्याइचा सैपाक करत होती. संध्याकाळ झाली का सायब रेकॉर्ड लावे. तुहा आजा कोळशाच्या पाळीवरून सुटला का मले घ्याले ये, अन् मागच्या पायरीवर बसे. अंगभर कोळसा, नुसते दात दिसत. एक दिवस मी भांडे घासून राहिली होती, अन् हा टिनाच्या डब्यावर ठेका धरून राहिला. मी म्हणलं, चाल ना घरी, अंधार पडून राहिला. तं म्हणते, थांब, ह्या मानसाचं रडणं अजून पुरं नाई झालं.

प्रज्वल: कोणत्या माणसाचं?

मैनाबाई: रेकॉर्डमधल्या. सायबानं खिडकीतून पाह्यलं. आम्हाले वाटलं, आता हाकलते. तं त्यानं रेकॉर्ड पुना पहिल्यापासून लावली. मंग रोजचंच झालं ते.

प्रज्वल: इंग्रजी गाणं होतं?

मैनाबाई: मंग? सायब काय भजन ऐकन?

प्रज्वल: तू हे आजवर कधी बोलली काहून नाही?

मैनाबाई: तू कधी इचारलं? तुले वाटलं तुले सारं माहीत हाये. अन् लपवाचं काय त्यात? तुहा आजा तं हर स्टेजवर सांगे. आपल्या गाण्याच्या पुस्तकांत पाह्य, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर छापून राह्यते, चाल अमक्या सिनेमाची, चाल तमक्या कव्वालीची. त्यात कमीपणा कोठी आला? सिनेमाच्या चालीवर बाबासाहेब घरोघरी पोचवले आपल्या लोकाइनं. ह्या गाण्याच्या येळी तो उभा राहून म्हणे, ‘चाल परेरा सायबाच्या रेकॉर्डची.’ रेकॉर्डवरचं इंग्रजी नाव त्याले वाचता येत नव्हतं, म्हणून जितकं माहीत तितकं सांगे.

प्रज्वल: परेरा... ऐकलं होतं मी. लहानपणी. मले वाटे, परेरा कोणी जुना शाहीर असंल.

रोशन: परेरा शाहीर! हा हा. माफ कर, भाई. सॉरी.

प्रज्वल: रोशन, तुले समजून राहिलं का काय झालं ते? मी टीव्हीच्या दामिनी मॅडमले काय सांगितलं? आपला पूरा भाग कशावर हाये?

रोशन: ‘कोणी न शिकवलेला ब्लूज.’

प्रज्वल: हां! अमेरिकेत कापसाच्या शेतात काळ्या मजुरांनी जे गाणं काढलं, तेच कोराडीच्या कोळशात माह्या आज्यानं काढलं. त्यानं यांचं ऐकलं नाही, यांनी त्याचं ऐकलं नाही. दुःख सारखं, म्हणून चाल सारखी. मी हे तीन कॉलेजांत बोललो, पेपरात छापून आलं. अन् आता ही म्हणते, रेकॉर्ड!

मैनाबाई: दुःख सारखं नव्हतं असं मी कधी म्हणलं?

प्रज्वल: आजी, तू एक काम कर. रेकॉर्डवर जसं होतं तसं म्हणून दाखव. आज्याचे शब्द सोडून, नुसती चाल. तुले आठवते का नाही पाहू. एखाद वेळी तुहा भरम असंल.

मैनाबाई: पन्नास वरसं झाली, पण भरम नाई. ऐक.

(मैनाबाई डोळे मिटून गुणगुणते. रोशन आपला मोबाइल तिच्यासमोर धरतो.)

रोशन: भाई... मिळालं.

प्रज्वल: काय मिळालं?

रोशन: गुणगुणलेलं ऐकून गाणं शोधते ना हा. लंडनचा बँड, सत्तर सालची रेकॉर्ड. फोटो पाह्य.

मैनाबाई: दाखव इकडं. हां! हेच चार जण. बायकाइसारखे केस. परेरा सायबाच्या टेबलावर हेच चित्र राहे. मी रोज पुसत होती यायले.

प्रज्वल: हे... हे तं आपण वाजवलं बे! अकरावीत. बर्डीच्या त्या कॅफेत.

रोशन: अन् सालं दोघांपैकी एकाच्याही डोकशात नाही आलं!

प्रज्वल: कसं येईन? यायचं गाणं पळते. आज्यानं ते बैलगाडीसारखं हळू केलं. अन् उडी कुठं हाये याच्यात? आज्याच्या गाण्यात दुसऱ्या ओळीत एक ठोका गायब होते, सीधा पुढं उडी मारते. तीच तं खरी चीज हाये. मॅडम म्हणे, असा ठोका सोडणं कोणाले शिकून येत नाही. ती उडी यांच्यात नाही! म्हणजे ती आज्याचीच. आजी, बरोबर ना? उडी तं आज्याची?

मैनाबाई: ती रेकॉर्डची.

प्रज्वल: याच्यात नाही ना पण!

मैनाबाई: याच्यात नसंल. सायबाच्या रेकॉर्डवर होती. एक दिवस कोळशाची गाडी साइडिंगले लागली, धडाक्यानं अख्खा बंगला हालला, अन् सुई घसरून रेकॉर्डवर ओरखडा पडला. सायब कपाळाले हात लावून बसला. तवापासून त्या जागी गाणं उडी मारे. तुह्या आज्याले वाटलं, गाणंच तसं हाये. मी सांगितलं त्याले नंतर, अगा, ते गाण्यात नाई, ते खरचटलेलं हाये. तं म्हणते, राहू दे, आता माह्या पायाले तशीच सवय झाली.

रोशन: मी दोन महिने, भाई, दोन महिने त्या ओरखड्याचा रियाज केला! माह्या बापाच्या दुकानात चादरीच्या थप्पीवर. गिऱ्हाईक पळे.

प्रज्वल: हसू नको, रोशन. माहं डोकं फिरून राहिलं.

रोशन: हसू नको तं काय रडू? थांब, खाली अजून काहीतरी लिहून हाये. ‘मूळ गाणं एझ्रा बिंगम, मिसिसिपी.’ यांचं पण यांचं नाही! लंडनवाल्यांनी पहिले रेकॉर्डवर स्वतःचंच नाव टाकलं होतं. मंग कोणीतरी जुनी रेकॉर्ड शोधून काढली.

प्रज्वल: माहीत हाये मले. त्या सगळ्यांनी तेच केलं. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी.

मैनाबाई: कोणं काय केलं? मले समजंन असं सांग.

प्रज्वल: अमेरिकेत काळे लोक होते, आजी. बाप-आजे गुलाम. गुलामी गेली, पण शेत गोऱ्याचं, कापूस गोऱ्याचा, हे तसेच. ते गिटार घेऊन गात. त्याले ब्लूज म्हणतात. एक ओळ म्हणाची, तीच पुना म्हणाची, अन् तिसऱ्या ओळीत उत्तर द्याचं. 

मैनाबाई: ‘राख पडे डोईवर, राख पडे भाकरीवर.’ पुना ‘राख पडे डोईवर, राख पडे भाकरीवर.’ मंग ‘बापानं भरला कोळसा, पोरी, हात ठेव पाटीवर.’

प्रज्वल: हां, तसंच. एकदम तसंच.

मैनाबाई: त्या लोकाइत दोनदा काहून म्हणत?

प्रज्वल: मी वाचलं, पुढची ओळ सुचेपर्यंत गाणाऱ्याले वेळ मिळे म्हणून.

मैनाबाई: तुहा आजा म्हणे, मागं बसलेल्याले पहिल्यांदा ऐकू येत नाई, म्हणून दोनदा. मंग? पुढं काय झालं?

प्रज्वल: मंग त्यांच्या रेकॉर्डी समुद्रापार गेल्या. तिथल्या गोऱ्या पोरांनी ऐकल्या. पागल झाले ते. खोलीत बसून एकेक सूर उचलला. त्यात करंट घातला, मोठे आवाज, मोठे ड्रम. ते झालं रॉक. दुनियाभर गाजले. अन् ते अमेरिकेत गेले तवा तिथल्या गोऱ्यांले समजलं, का हे आपल्याच गावातलं गाणं हाये.

मैनाबाई: आपल्या गावात असताना नाई ऐकलं?

प्रज्वल: काळ्याच्या तोंडून नाही ऐकलं.

मैनाबाई: हं. तो तिसरा लाव. ज्याचं हाये तो.

रोशन: लावला. आवाज खराब हाये, आजी. लय जुनं हाये.

मैनाबाई: ...हा एकटाच हाये का?

प्रज्वल: एकटा. गिटार अन् पाय. ते टक्-टक् ऐकून राहिली ना, तो जमिनीवर पाय आपटते.

मैनाबाई: खोकला पाह्य मधात.

प्रज्वल: तवा काढता येत नव्हतं.

मैनाबाई: कोळसेवाल्यासारखा खोकते. काय म्हणून राहिला?

प्रज्वल: म्हणते, पूर आला, घर गेलं. पूर आला, घर गेलं. आता दाराची चाबी घेऊन कुठं जाऊ?

मैनाबाई: पुना लाव, बेटा.

प्रज्वल: नको लावू, रोशन. वेळ नाही. आजी, इकडं पाय. ठीक हाये, आज्यानं घेतलं रेकॉर्डवरून. पण कोणाचं घेतलं? त्या लंडनवाल्यांचं. त्यांनी कोणाचं घेतलं? ह्या म्हाताऱ्याचं, अन् सांगितलं नाही. बंगले बांधले त्याच्यावर. आता आपण त्यांचं घेतलं अन् सांगितलं नाही. हिसाब बराबर. चोराच्या घरी चोरी.

मैनाबाई: त्या चौघाइचा हिसाब बराबर झाला. अन् ह्या खोकणाऱ्याचा?

प्रज्वल: तो मेला, आजी. कवाचाच मेला.

मैनाबाई: तुहा आजाही मेला हाये. मंग त्याचं नाव कायले घेत फिरते?

प्रज्वल: ते वेगळं हाये!

मैनाबाई: काय वेगळं हाये?

रोशन: फोन! दामिनी मॅडम. हां मॅडम... हां, मार्केटातून निघाले का?... हां, कमानीपासून उजवीकडे, पाण्याच्या टाकीजवळ. मी उभा राहतो. भाई, जरीपटका बाजाराच्या गर्दीतून सुटले. येऊन राहिले.

प्रज्वल: रोशन, तू थांब इथंच, येतीन ते. आजी, मी तुले खरं सांगतो, मंग तू काय सांगाचं ते सांग. मी प्लांटातली कॉन्ट्रॅक्टची नोकरी सोडली. माय म्हणे, बाप-आजा राख खाऊन मेले, तुले एसीच्या कंट्रोल रूमजवळ खुर्ची मिळाली अन् तू गिटार धरते. दिवाळीपासून ती माह्याशी धड बोलत नाही. मी तिले म्हणलं, एकदा टीव्हीवर पाहजो, मंग बोल. हा भाग झाला नाही, तं ते दुसऱ्या गावचा बँड घेतीन. माहं कोण ऐकणार मंग? तू एक वाक्य बोल. तुहं काय जाते?

मैनाबाई: माहं काय जाते ते सांगू?

प्रज्वल: सांग.

मैनाबाई: तुही माय आठवीत होती. दीक्षाभूमीवर आम्ही गेलो, दसऱ्याले. सारीकडं कॅसेटीचे दुकानं. एका दुकानावर भोंग्यातून आज्याचं गाणं वाजून राहिलं होतं. हे नोहे, दुसरं, दिव्याचं. आवाज कोणाचा तं भलत्याचा. आज्यानं कॅसेट हातात घेतली, उलटी-सुलटी केली. त्याले वाचाले लय वेळ लागे. मले तं बिलकूलच येत नव्हतं. नंदिनीले म्हणे, वाच, कोठी हाये माहं नाव. पोरगी सारं वाचे, कंपनीचं नाव, गाणाऱ्याचं नाव, ढोलकीवाल्याचं पण नाव. ‘बाबा, नाई हाये,’ म्हणे. हा म्हणे, बारीक अक्षरात पाय. नाई हाये, बाबा. दुकानवाला म्हणते, पाहून झालं असंल तं सरका बाजूले, मागं गिऱ्हाईक हाये. सरकलो आम्ही.

प्रज्वल: मायनं कधी सांगितलं नाही मले.

मैनाबाई: तिनंच तं वाचलं होतं. ती काय सांगन? त्याच वरसी मी रात्रीच्या वर्गात नाव टाकलं. मास्तर म्हणे, बाई, या वयात कायले? मी म्हणलं, बारीक अक्षर वाचाचं हाये.

रोशन: भाई, गाडी आली.

मैनाबाई: मी तुह्यावर रागावली नाई, प्रज्वल. तुहं वाजवणं मले आवडते. पण ते वाक्य माह्या तोंडून निघत नाई. माहं तोंडच तसं नाई घडलं.

प्रज्वल: तू सांगशीन का त्यांना? रेकॉर्डचं?

मैनाबाई: मी काहून सांगू? गाणं तू म्हणून राहिला.

दामिनी: नमस्कार, आजी! आत येऊ का? खूप उशीर झाला, माफ करा. तो बाजार म्हणजे, बाप रे. प्रज्वल, प्रकाश छान आहे इथे, खिडकीपाशीच बसू या. आजी, तुम्ही खुर्चीत, प्रज्वल खाली, पायाशी. म्हणजे कसं, परंपरा दिसते.

मैनाबाई: त्याले खाली काहून बसवते, बाई? गिटार आपटंन फरशीले. चहा घे पहिले.

दामिनी: घेते, घेते. वा, आलं छान पडलंय! आजी, अगदी साधं आहे. मी विचारेन, तुम्ही सांगायचं. गाणं कधी झालं, आणि चाल आजोबांनी स्वतः बांधली, एवढंच. काय आहे, आमचे वकील फार कटकट करतात. चाल घरची हवी किंवा परंपरेची. इंग्रजी गाण्याचा नुसता वास आला तरी ते हात लावत नाहीत.

रोशन: वास! मॅडम, वास म्हणजे किती?

दामिनी: म्हणजे?

प्रज्वल: काही नाही, मॅडम. तो असाच आहे. सुरू करू या.

दामिनी: चला. कॅमेरा सुरू. आजी, हे राखेचं गाणं कधी झालं?

मैनाबाई: माही पोरगी नंदिनी झाली त्या साली. तिचं नाव ठेवाच्या आधी गाणं झालं. मालक कोळशाच्या पाळीवर होते. पहिली पोरगी झाली म्हणून लोक गप बसले होते, तं हे डबा वाजवत घरी आले.

दामिनी: किती सुंदर! आणि आजी, ती चाल? तो मधेच सुटणारा ठोका, तो कुठून सुचला त्यांना?

मैनाबाई: ते मी नाई सांगत.

दामिनी: का हो?

मैनाबाई: मी कोरसची बाई. आमच्यात चाल कोरसवाले नाई सांगत. जो पुढं बसून गाते तो सांगते, गाण्याच्या आधी. आता हा गाते. याले इचार.

दामिनी: अरे वा, ही तर छानच पद्धत आहे! मग तसंच करू. प्रज्वल, तू गाण्याआधी सांग. आजीच्या शेजारी बसून. घे.

प्रज्वल: नमस्कार. मी प्रज्वल. हे राखेचं गाणं. शब्द माझे आजोबा धोंडबा गोंडाणे यांचे. आणि चाल...

दामिनी: हं?

प्रज्वल: चाल... सॉरी, मॅडम.

दामिनी: काही हरकत नाही. पुन्हा घेऊ.

प्रज्वल: नमस्कार. हे राखेचं गाणं. शब्द माझ्या आजोबांचे, धोंडबा गोंडाणे यांचे. चाल... चाल पण...

रोशन: पाणी देऊ, भाई?

प्रज्वल: नको.

दामिनी: प्रज्वल, काय होतंय? काल फोनवर किती छान बोलत होतास. ‘चालही त्यांचीच.’ दोन शब्द आहेत. बोल आणि वाजव.

प्रज्वल: आजी, तू थोडा वेळ आत जातेस का?

मैनाबाई: काहून? मी माह्या घरात बसली हाये.

प्रज्वल: तू माह्याकडं पाहून राहिली.

मैनाबाई: नाई पाहत. हे पाय, खिडकीकडं पाहते. बोल तुले जे बोलाचं ते. म्हणशीन तं कोरस पण करते. गाणं तं गाणं हाये, मी काही रुसणार नाई.

प्रज्वल: खरंच करशीन? मी काही बोललो तरी?

मैनाबाई: तू माह्या नंदिनीचा पोरगा हायेस. तुले टाकून कोठी जाऊ मी?

दामिनी: आजी, प्रज्वल, मला खरंच कळत नाहीये. काही अडचण आहे का?

प्रज्वल: मॅडम, चाल आज्याची नाही.

रोशन: गेलं.

दामिनी: म्हणजे?

प्रज्वल: एका इंग्रजी रेकॉर्डची आहे. तो जो ठोका सुटतो ना, त्या रेकॉर्डवर ओरखडा होता. मला आत्ताच कळलं, तुम्ही यायच्या थोडं आधी. अन् त्या लंडनवाल्यांचीही नाही ती. त्यांनी एका काळ्या गायकाची घेतली होती.

दामिनी: अरे देवा. प्रज्वल, हे... हे तू मला कॅमेरा बंद करून सांगायला हवं होतंस. आता माझ्याकडे हे रेकॉर्ड झालंय.

प्रज्वल: मी सगळ्यांकडं चुकीचं बोलत फिरलो. ‘कोणी न शिकवलेला.’ आज्यानं तं शिकून घेतलं होतं, एका पायरीवर बसून. त्यानं ते कधी लपवलं नाही. मीच तेवढं सोडून दिलं.

दामिनी: हे बघ, मी तुझ्या जागी असते तर... नाही, मला माहीत नाही मी काय केलं असतं. पण एक स्पष्ट सांगते. तू गाण्याआधी हे बोललास, तर मी हे वर पाठवू शकत नाही. पाठवलं तरी पहिल्याच दिवशी बाहेर काढतील. तुमचा भाग होणार नाही.

प्रज्वल: माहीत आहे, मॅडम.

दामिनी: आणि बोलला नाहीस, तर मी हा शेवटचा तुकडा पुसून टाकते. कुणाला कळणार नाही. मी पण विसरून जाईन.

प्रज्वल: रोशन, तू बोल ना काही. तुहं पण नुकसान हाये.

रोशन: माहं काय, भाई. मी चादरी मोजत वाजवीन. पण एक सांगू? तो म्हातारा खोकला ना, ते माह्या डोकशातून जाऊन नाही राहिलं.

दामिनी: प्रज्वल?

प्रज्वल: त्याचं नाव पुना दाखव, रोशन. साल पण. हां.

मैनाबाई: बसून नको सांगू, बेटा. उभा राहा. आजा उभा राहून सांगे. अन् जो मेला, तो कवा मेला ते पण सांगजो, म्हणजे लोकाइले समजते का तो होता.

प्रज्वल: मॅडम, कॅमेरा चालू ठेवता का? वर नका पाठवू. पण चालू ठेवा.

दामिनी: ...चालू आहे.

मैनाबाई: रोशन बेटा, तू डब्यावर वाजव. ड्रमले हात नको लावू. अन् उडी तेवढी राहू दे, माह्या पण पायाले सवय झाली आता.

प्रज्वल: जय भीम, नमस्कार. हे राखेचं गाणं. शब्द धोंडबा गोंडाणे यांचे, कोळसा विभाग, कोराडी. ते नऊ मार्च दोन हजार चौदाले वारले. चाल परेरा साहेबांच्या रेकॉर्डवरून घेतली, अन् रेकॉर्डवाल्यांनी ती एझ्रा बिंगम यांच्याकडून घेतली होती. एझ्रा बिंगम, राहणार मिसिसिपी, अमेरिका. ते एकोणीसशे एकसष्टच्या जानेवारीत वारले.